प्रयुज्य सोबत आणावा

४ फेब्रुवारी

आज कॉलेजला न गेल्याचा बारावा दिवस. ही वही कुणी वाचणार नाही, त्यामुळे इथे खरं लिहायला हरकत नाही. खरं कारण पित्त.

घरी सांगितलंय की शेवटच्या सत्रात तास होत नाहीत. निताला, म्हणजे कॉलेजात माझ्या बाकावर बसणारी माझी मैत्रीण, तिला सांगितलंय की घरी हळद काढायची आहे. कुणाला काय सांगितलं ते ध्यानात ठेवावं लागतं, पण स्मृतीच्या पेपरात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते, म्हणून निभतंय.

झालं असं की २१ जानेवारीला मी उपाशीपोटी चहा पिऊन हिंगोलीची गाडी पकडली. तीन वर्षं रोज याच गाडीनं जाते. औंढ्याच्या अलीकडच्या चढावर एकाएकी छातीत धडधड सुरू झाली. हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. मी ओरडले, गाडी थांबवा. भावसिंग कंडक्टरनी घंटी मारली, मी रस्त्याच्या कडेला उतरले आणि गाडी गेल्यावर दहा मिनिटांत ठणठणीत झाले. एवढ्या लवकर बरं होतं म्हणजे पित्तच. तेव्हापासून चहा सोडलाय. दुसऱ्या दिवशी स्टँडपर्यंत गेले होते, पण दप्तर विसरलं म्हणून परत आले. दप्तर पाठीवरच होतं, ते घरी आल्यावर कळलं.

वेळ वाया घालवत नाही. सुनीती मॅडम म्हणतात, मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं आधी घरातली माणसं वाचावीत. त्याप्रमाणे निरीक्षण चालू आहे. बाबा मोटारीचा स्टार्टर बंद केला का हे बघायला रोज तीनदा शेतात जातात. पुस्तकात याला नाव आहे. आई हवं ते सोडून भलतंच बोलते. यालाही नाव आहे. या घरात माझ्याशिवाय कुणी धड नाही.

९ फेब्रुवारी

निताचा फोन. प्रात्यक्षिक परीक्षा ९ एप्रिलला. फळ्यावर सूचना लागलीय: ‘प्रत्येकाने आपला प्रयुज्य सोबत आणावा.’ प्रयुज्य म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस. दरवर्षी त्या दिवशी कॉलेजात कुणाचा भाऊ, कुणाची मावशी, कुणाचा घरमालक असा बाजार भरतो. शिवाय एका माणसाचा दोन महिने अभ्यास करून त्याची वही दाखवायची.

‘मॅडम विचारत होत्या गं,’ निता म्हणाली. ‘हळद अजून निघाली नाही का?’

गैरहजर राहिलं तर नापास, आणि नापास म्हणजे वर्ष गेलं. बाबांनी पहिल्या वर्षालाच सांगून ठेवलंय, अडखळलीस की शिक्षण बंद, पैसा झाडाला लागत नाही. मला एम.ए. करायचंय. मला इथेच, या जिल्ह्यात, एक खोली घ्यायचीय. लोक भगताकडे जायच्या आधी तिथे येऊन बसतील आणि मनातलं बोलतील. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लोक हसतील.

अजून दोन महिने आहेत. तोवर पित्त जाईलच.

१२ फेब्रुवारी

आज माझ्याकडे माझा पहिला रुग्ण आला.

दुपारी मोठी माय आली. मोठी माय म्हणजे गोजरबाई, माझ्या चुलत्याची बायको. आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. वय बावन्न, शाळा चौथी, आवाज शिवारभर ऐकू जाणारा. आज मात्र हळू बोलत होती.

‘दर्शनी, तू ते मनाचं शिकून राहिली न्हवं?’

‘व्हय.’

‘मग माझं एक बघ. मला यष्टीत बसायची भीती वाटून राहिली.’

मी वही घेतली आणि विचारलं, नेमकं काय होतं.

‘छातीत धडधड व्हती. हातापायाला मुंग्या येतेत. वारं पुरत न्हाई. असं वाटतं, आता जीव जातो, आन् लोकायसमोर जातो.’

मी लिहिता लिहिता थांबले. लोकांसमोर जातो, हे पुस्तकात कुठेच नाही, आणि तरी ते किती बरोबर आहे ते मला लगेच कळलं. कसं कळलं ते सांगता येत नाही. बहुधा जातिवंत मानसशास्त्रज्ञाला असं आतूनच कळत असावं.

एकच अडचण होती. गेल्या दसऱ्याला ही बाई हिंगोलीचा दसरा बघायला जीपच्या मागच्या दांडीला लोंबकळून गेली होती आणि वाटेत गाणी म्हणत होती. तेही मी विचारलं.

‘तवा न्हवती भीती,’ ती म्हणाली. ‘आता लागली.’

बरोबर आहे. भीती कोणत्याही वयात सुरू होऊ शकते.

‘पुस्तकात याला काय म्हणतेत?’

‘भयझटका.’

‘मंग बरं व्हतं का हे?’

‘बराबर व्हतं,’ मी म्हणाले. इतक्या ठामपणे मी आयुष्यात काही बोललेले नाही. चुलीपाशी आई भाकरी थापत होती, तिचा हात मध्येच थांबला. ती आपलीच पुटपुटली, ‘काखेत कळसा.’ तिचा चष्मा परवापासून सापडत नाही, त्याबद्दल असावं.

१५ फेब्रुवारी

उपचाराची आखणी केली. या पद्धतीत भीतीची उतरंड रचतात. सगळ्यांत कमी भीतीची गोष्ट आधी करायची, ती पचली की पुढची. मोठ्या मायसाठी अशी रचली: आधी स्टँडवर उभं राहून नुसती गाडी बघणं, मग उभ्या गाडीत बसणं, मग पहिल्या फाट्यापर्यंत जाणं, मग औंढा आणि शेवटी हिंगोली. म्हणजे ती परीक्षेला प्रयुज्य म्हणून येऊ शकेल. एका दगडात दोन पक्षी.

मी तिला समजावलं की मी स्टँडवर उभी राहून निरीक्षण करीन, गाडीत तिनं एकटीनं बसायचं.

‘ते न्हाई जमायचं,’ ती म्हणाली. ‘तू संगं बसली तर मी बसन.’

रुग्ण असाच अडून बसतो. सुरुवातीला त्याच्या कलानं घ्यावं लागतं.

१७ फेब्रुवारी

पहिली पायरी. स्टँडवर पिंपळाखाली उभं राहून सकाळची आठ वाजून दहाची गाडी बघितली. वसमतहून येते आणि इथे चहाला थांबते.

मी वहीत तक्ता आखलाय. एका रकान्यात प्रयुज्याच्या नाडीचे ठोके. दुसऱ्या रकान्यात शास्त्रीय तुलनेसाठी एका निरोगी माणसाचे, म्हणजे माझे. आजचे आकडे: मोठी माय ७४, मी ११२. घरून झपाझप चालत आलो होतो, त्याचा हा परिणाम. मोठी माय बरोबरच चालत होती, पण तिला शेताची सवय आहे.

गाडी निघाली तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला. तळवा ओला झाला होता. बिचारी.

२४ फेब्रुवारी

उभ्या गाडीत बसणं. आठवडाभर स्टँडवरच होतो. मला वाटत होतं अजून चार दिवस तीच पायरी करावी, घाई नको. मोठी मायच म्हणाली, आता वर चढू.

भावसिंग कंडक्टर दारातच होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. २१ जानेवारीचं काहीतरी बोलतील म्हणून मी खाली बघत राहिले. त्याच्या आत मोठ्या मायनं सांगून टाकलं, ‘माझ्यासाठी आलोत भाऊ. मला भेव वाटतं यष्टीचं. ही माझी डाक्टर हाय.’

‘मंग बराबर हाय,’ ते म्हणाले. ‘डाक्टर संगं पायजेच.’

खिडकीची जागा तिनं मलाच दिली. मी म्हणाले, रुग्णाला वारं लागतं. ती म्हणाली, ‘वाऱ्यानं माझा कान दुखतो.’ दहा मिनिटं बसलो. मोठी माय ७६, मी ११८. घड्याळ बदलायला हवं.

३ मार्च

पहिल्या फाट्यापर्यंत गेलो. तीन किलोमीटर. परत पायी आलो, कारण ती म्हणाली, एका दिवसात एकदाच पुरे. वाटेत तिनं मला विचारलं की भीती आली की नेमकं काय करायचं. मी पुस्तकात होतं ते सांगितलं: श्वास हळू सोडायचा, पाय जमिनीला टेकवायचे, आणि स्वतःला सांगायचं की ही लाट आहे, चढते तशी उतरते, हिनं कुणी मरत नाही.

‘आनखी एकदा सांग,’ ती म्हणाली.

असं तिनं माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं. वयामुळे ध्यानात राहत नसेल. शेवटी शेवटी मलाच तोंडपाठ झालं.

९ मार्च

काही नाही. मोठ्या मायकडे हळद शिजवायचा कुकर आलाय. दिवसभर वाफ आणि वास. हात कोपरापर्यंत पिवळे.

१४ मार्च

धुळवड. मोठे बाबा, म्हणजे मोठ्या मायचे यजमान संतराम, रंग खेळून ओट्यावर बसले होते. मी म्हणाले, मोठी माय बरी सुधारतेय.

‘कशात सुधारून राहिली?’

‘गाडीची भीती.’

ते हसायला लागले. ‘तिला भीती? काहून मजाक करून राहिली. मागल्या साली लेकीच्या, सृष्टीच्या बाळंतपणाला एकली पुण्याला गेली ती. रातभर गाडीत डायवरसंगं भांडत गेली, हळू चालव म्हून.’

आतून मोठ्या मायचा आवाज आला, ‘तुमी गपा बरं, आंघोळ करा.’

पुरुषांना घरातल्या बाईच्या मनाची खबर नसते, हे मी पुस्तकात वाचलं होतं, आज उदाहरण मिळालं. भांडण हे भीतीचंच एक रूप असतं. मोठे बाबा अजून हसतच होते. मला मात्र थोडा राग आला, कुणाचा ते कळलं नाही.

१९ मार्च

वाईट दिवस. सगळं जसं झालं तसं लिहिते.

औंढ्यापर्यंतची पायरी. बुधवार असूनही गाडी खच्चून भरलेली. कुणाच्या तरी लग्नाची माणसं. फाटा गेला, ठीक होतं. चढ लागला, पुढे ट्रक बंद पडला होता, गाडी थांबली. माणसं अंगावर आली. माझं पित्त उसळलं. सकाळी भाकरी खाल्ली होती, चहा नव्हता घेतला, तरी उसळलं. छातीत ढोल. हात माझे राहिले नाहीत. काच उघडेना.

मी काही बोलायच्या आत मोठी माय उठून उभी राहिली आणि ओरडली, ‘भाऊ, मला उतरायचं, मला भेव वाटून राहिलं.’ सगळी गाडी तिच्याकडे बघायला लागली. एक पोरगी फिदीफिदी हसली. भावसिंगनी दार उघडलं, मोठ्या मायनं मला ओढतच खाली नेलं. रस्त्याकडेच्या दगडावर आम्ही बसलो. तिनं माझे तळपाय जमिनीला टेकवले आणि म्हणाली, ‘लाट हाय. चढती तशी उतरती.’ स्वतःलाच सांगत असेल, पण बघत माझ्याकडे होती.

मोठी माय ७८, मी १४०.

बरं वाटल्यावर मी तिच्यावर चिडले. मी म्हणाले, भीती वाटली म्हणून पळून गेलं की भीती पोसली जाते. पुढच्या वेळी ती दुप्पट होऊन येते. मग माणूस एक गाडी टाळतो, मग रस्ता टाळतो, मग घरात बसतो आणि घरच्यांना खोटी कारणं सांगायला लागतो. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘चुकलं माझं. पुन्यांदा न्हाई उतरायची.’

मी बोलून गेले आणि मग बराच वेळ मला माझाच आवाज ऐकू येत राहिला.

२० मार्च

गेलो नाही. मी नको म्हणाले. तिची तयारी झालेली नाही.

२२ मार्च

मी अंगण झाडत होते तर ही दारात उभी, डोक्यावर पदर, हातात पिशवी.

‘आज नको,’ मी म्हणाले. ‘माझं पोट ठीक न्हाई.’

‘डाक्टरणीला तकलीफ असली तरी पेशंट सोडायचा नसतो.’

आई घरातून म्हणाली, ‘जाय बाई, तिला गरज हाय.’ तिचा आवाज कापरा होता. मी वळून बघितलं तर ती डोळ्याला पदर लावत होती. चुलीचा धूर.

फाट्यापर्यंतच गेलो. पण गेलो.

२९ मार्च

औंढा! चढावर पुन्हा झालं, तेवढंच मोठं. मी उठायला निघाले आणि मोठ्या मायनं माझं मनगट धरलं. ‘मला सोडून चालली का?’ म्हणाली. रुग्णाला अर्ध्यात सोडता येत नाही. मी बसले. श्वास सोडत राहिले, तिला दाखवण्यासाठी. लाट चढली आणि मग खरंच उतरली. मला वाटलं नव्हतं. म्हणजे, मी शंभर वेळा वाचलंय, पण मला वाटलं नव्हतं.

औंढ्यात उतरल्यावर मला रडू फुटलं. मी तिला सांगितलं, तुझी प्रगती बघून आनंद झाला.

५ एप्रिल

चार दिवसांत दोनदा औंढ्याला जाऊन आलो. आकडे सुधारतायत, मी ९६ पर्यंत आले. मोठी माय ७४. तिचा आकडा पहिल्या दिवशीही ७४ च होता, हे आज तक्ता शाईनं लिहिताना दिसलं. मी वही मिटून ठेवली. माझ्या मोजण्यात चूक असणार, आणि परीक्षेच्या तोंडावर आता तक्ता बदलता येत नाही.

हिंगोलीची पायरी राहिलीच. तिच्या हळदीला पॉलिश करायचं चालू आहे. आता थेट ९ तारखेलाच. ती सोबत आहे म्हणून ठीक. ती नसती तर मी गेले नसते, हे आज लिहून टाकते, कारण ही वही कुणी वाचणार नाही.

९ एप्रिल

गाडीत जागा मिळाली. चढ पार झाला. थोडं झालं, जास्त नाही. औंढ्याला गाडी दहा मिनिटं थांबते. मोठी माय उठली. ‘नागनाथाला हात जोडून येते,’ म्हणाली, आणि खाली उतरली. मी म्हणाले, मंदिर लांब आहे, गाडी जाईल. तिला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.

दहा मिनिटं झाली. ती दिसेना. मी फोन लावला, उचलला नाही. भावसिंग आत आले, मला एकटीला बघितलं आणि दोरीला हात लावून थांबले. ‘काय करायचं, ताई?’

उतरायचं तर हीच वेळ होती. उतरले तर अकराची परीक्षा गेली. नाही उतरले तर हिंगोली एकटीनं, जिथवर मी अडीच महिन्यांत गेले नव्हते. आणि मला मोठ्या मायचा इतका संताप आला. दोन महिने मेहनत घेतली, आणि ऐन दिवशी माझी प्रयुज्य पळून गेली. मी म्हणाले, ‘जाऊ द्या गाडी.’

डबल घंटी झाली. वळणावर मला वाटलं, ती औंढ्याच्या स्टँडमागच्या पिंपळाखाली उभी आहे. पण गाडी वळली.

पुढचे पंचवीस किलोमीटर मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. मध्येच छातीत सुरू झालं. मी पाय टेकवले. हिनं कुणी मरत नाही. लोकांसमोरही मरत नाही. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, ‘काय व्हतंय, बाई?’ आणि मी म्हणाले, ‘भीती वाटून राहिली, आजी. जाईल आता.’ पहिल्यांदाच पित्त म्हणाले नाही. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हिंगोलीपर्यंत तिच्या सुनेची गाऱ्हाणी सांगितली.

कॉलेजात सगळ्यांचे प्रयुज्य व्हरांड्यात बसलेले. माझा नाही. सुनीती मॅडमनी मला बघितलं, म्हणाल्या, ‘आलीस.’ आणि हिरासिंग मामांना हाक मारली. हिरासिंग मामा कॉलेजचे शिपाई. ज्याचा प्रयुज्य येत नाही त्याच्यासमोर मामाच बसतात, अशी वीस वर्षांची रीत आहे. घोटाळा एवढाच की स्मृतीच्या प्रयोगातले सगळे निरर्थक शब्द त्यांना पाठ झालेत. मी यादी वाचायच्या आधीच त्यांनी ती म्हणायला सुरुवात केली. मी म्हणाले, मामा, थोडे विसरा. ते म्हणाले, किती विसरू, तेवढं सांगा.

मग तोंडी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक, पिकलेले केस, चष्मा कपाळावर. त्यांनी माझी वही उघडली आणि तक्त्यावर थांबले.

‘तुमच्या प्रयुज्याची नाडी पहिल्या दिवशी चौऱ्याहत्तर. सगळ्यांत वाईट दिवशी अठ्ठ्याहत्तर. इतका शांत घाबरलेला माणूस मी अजून पाहिला नाही.’

त्यांनी वही माझ्याकडे वळवली.

‘हा दुसरा रकाना कोणाचा?’

‘निरोगी माणसाचा, सर. तुलनेसाठी.’

‘म्हणजे कोणाचा?’

‘माझा.’

त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि बोट त्या रकान्यावरून हळूहळू खाली नेलं. एकशे बारा, एकशे अठरा, एकशे चाळीस. सुनीती मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मीही त्यांच्या बोटामागून खाली खाली येत गेले. जे मला दोन महिने दिसलं नव्हतं ते बोटभर अंतरावर होतं, माझ्याच अक्षरात, शाईनं लिहिलेलं.

‘आज प्रयुज्य का आली नाही?’

‘औंढ्यात उतरून गेली, सर.’

‘आणि तुम्ही?’

‘मी आले.’

त्यांनी स्वतःच्या पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. म्हणाले, ‘अभ्यास चांगला आहे. फक्त पहिल्या पानावर प्रयुज्याचं वय बावन्न लिहिलंय, तेवढं दुरुस्त करून आणा.’

व्हरांड्यात बाकावर बसून मी बावन्न खोडलं आणि एकवीस लिहिलं. मग रडले. समोरून सगळे जात होते, कुणाचा भाऊ, कुणाची मावशी. कुणी थांबलं नाही आणि मला काही झालं नाही.

पाचच्या गाडीनं परत आले. एकटी.

१० एप्रिल

सकाळी मोठ्या मायकडे गेले. अंगणात ताडपत्रीवर हळद पसरलेली, ती मध्ये बसून खडे निवडत होती. मी समोर जाऊन बसले आणि रात्रभर घोकलेलं विचारलं, ‘तू काहून खोटं बोलली?’

‘खोटं न्हाई बोलले,’ ती म्हणाली. ‘फकस्त तवाचं आता सांगितलं.’

मग तिनं सांगितलं, खडे निवडत, माझ्याकडे न बघता.

तिचं पहिलं पोरगं सहा महिन्यांचं होऊन गेलं. त्या साली तिला हे लागलं. गाडीत बसलं की छाती, मुंग्या, वारं पुरत नाही. कुणाला नाव माहीत नव्हतं. बाहेरचं लागलं म्हणाले, भगताकडे नेलं, त्यानं कडुनिंबाच्या फोकानं मारलं. ती सहा वर्षं गावाबाहेर गेली नाही. विचारलं की सांगायची, शेतात काम आहे.

‘तुझी माय येऊन म्हणाली, पोरगी दप्तर घेऊन स्टँडवरून वापस आली, तास न्हाईत म्हणते. मला तवाच समजलं. मी म्हणाले, तिला कुणी काही सांगू नगा. सांगितलं की माणूस जास्तीच लपतो.’

‘मग सहा वर्षांनी तुझं कसं गेलं?’

‘गेलं न्हाई आपोआप. सृष्टीला शाळेला न्यावं लागायचं. लेकरू घाबरू नये म्हून मी बसायची. लेकराला वाटायचं, माय मला नेऊन राहिली.’ ती जरा हसली. ‘दुसऱ्यासाठी बसता येतं. आपल्यासाठी बसाया लई जड जातं.’

मी म्हणाले, आणि काल? काल मला टाकून काहून उतरलीस? ती म्हणाली, कालच्याला तुला माझी गरज नव्हती, पण तुला ते ठाऊक नव्हतं. पिंपळाखाली तीच उभी होती. गाडी वळेपर्यंत देवाचं नाव घेत होती, मी उतरते का काय म्हणून. नागनाथाला गेलीच नाही.

मला वाटलं झालं सगळं. मी उठत होते. तेव्हा ती म्हणाली, ‘माझी माय नर्सीला वारली.’

मी परत बसले.

‘सांगावा आला, माय लई बिमार हाय, तोंड बघून जा. मी निघाले. स्टँडवर उभी राहिले. एक गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. तिसऱ्या गाडीच्या दांडीला हात लावला, पाय उचलंना. दुपारी घरी आले आन् म्हणाले, गाडी भेटली न्हाई. सांजच्याला कळलं, गेली. तवापासून नर्सीला पाय ठिवला न्हाई. कोणत्या तोंडानं जाऊ? लोकायला वाटतं मी माहेरावर रुसली.’ तिचा हात हळदीवर तसाच थांबला होता. ‘तवा संगं कुणी बसलं असतं, तर मायचं तोंड बघितलं असतं.’

मला वाटायचं, अशा वेळी काय बोलायचं ते मला येतं. त्यासाठीच तर शिकतेय. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिनं पिवळ्या हातानं माझे केस नीट केले. मी कुणावरही एवढी माया केलेली नाही, आणि दोन महिने मी हिची नाडी मोजत बसले होते.

मग मी म्हणाले, ‘शनिवारी नर्सीला जाऊ. मी संगं येते.’

तिनं मूठभर हळद उचलली, खडे बघितले, परत ठेवली. मी म्हणाले, इथून थेट गाडी नाही, हिंगोलीला उतरून दुसरी धरावी लागते, दोन गाड्या होतात.

‘होऊ दे दोन,’ ती म्हणाली.